साहेबाला दाखवायची चूल

माझ्या धंद्यात माणसं मला उलटी भेटायची. एरवी चारचौघांत आपल्या मिळकतीचा आकडा फुगवून सांगणारा गृहस्थ माझ्या ओट्याची पायरी चढला की त्याचा आवाज खाली यायचा, खांदे पडायचे आणि ‘कसलं आलंय उत्पन्न, भाऊसाहेब’ अशी सुरुवात व्हायची. लग्नाच्या बैठकीत ‘आमचं दुकान म्हणजे’ म्हणून मिशीवरून हात फिरवणारा तोच हा माणूस. मी शेजारी म्हणून त्या बैठकीलाही हजर असायचो. त्यामुळं माझी करमणूक फुकटात होई.

मी सोलापुरात शुक्रवार पेठेत राहत होतो आणि लोकांचे इन्कम टॅक्सचे कागद तयार करून देत होतो. मॅट्रिक झाल्यावर काही वर्षं एका वकिलांकडं लेखनिक होतो. वकिलांना आवड फौजदारीची. टॅक्सचा फॉर्म दिसला की त्यांचं डोकं दुखायला लागे आणि तो फॉर्म माझ्याकडं सरकवला जाई. मला मात्र त्या कामाची गोडी लागली. एका माणसाचं अख्खं वर्ष एका कागदावर बसवायचं, रकान्याला रकाना जुळवायचा आणि खाली त्याची सही घ्यायची, यात मला भारी समाधान वाटायचं. वकील मुंबईला गेले तेव्हा मी घराच्या ओट्यावर उतरतं मेज मांडलं आणि स्वतःचं बस्तान बसवलं. इन्कम टॅक्सच्या साहेबापुढं अशिलाच्या वतीनं उभं राहायची आमच्यासारख्यांना लेखी मुखत्यारीवर मुभा होती. तेवढ्यावर माझं घर चालत असे.

सुरुवातीला काम बेताचंच होतं. वर्षाला दोन हजारांच्या आत मिळकत असली तर इन्कम टॅक्सशी कुणाचा संबंध येत नसे. मग मंदी आली, सरकारची तिजोरी आटली आणि एके वर्षी ती मर्यादा दोन हजारांवरून हजारावर आणली. झालं. टॅक्स म्हणजे मोठ्या पेढीवाल्यांचं दुखणं, असं समजणाऱ्यांच्या दारात नोटिसा येऊन पडल्या. गिरणीतले हेडक्लार्क आले. त्यांच्यात मजा नसे, पगार गिरणीच्या पुस्तकात, झाकणार काय? फोटोग्राफर आला. तो म्हणाला, लोक फोटो काढून घेतात आणि न्यायला येत नाहीत, तेव्हा ही मिळकत कशी? पुरावा म्हणून त्यानं न नेलेल्या नवरा-नवरींचा गठ्ठाच माझ्या मेजावर ठेवला. एक कीर्तनकार आले. त्यांचा प्रश्न असा, की कीर्तनात मिळालेले नारळ उत्पन्नात धरायचे का? मी म्हणालो, “विकले असतील तर धरा, खाल्ले असतील तर सोडा.” पुढच्या खेपेला बुवा खोबऱ्याच्या वड्यांचा डबा घेऊनच आले. नारळ विकत नाही, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. मी तो पुरावा तिथल्या तिथं दाखल करून घेतला.

माझा स्वभाव तापट. कुणी ‘जरा कमी लिहा की’ म्हणालं की माझं टाळकं सरके. हा काही माझा मोठेपणा नव्हे. फॉर्मवर अक्षर माझं असे आणि ते अक्षर साहेब लांबून ओळखत. अशिलाचं खोटं एका अशिलापुरतं असतं, माझं खोटं माझ्या सगळ्या अशिलांना भोवलं असतं. पेठेत म्हणत, भाऊसाहेब टॅक्स वाचवत नाहीत, फक्त नीट भरून देतात. मला ती तक्रार आवडायची.

आमच्या घरासमोर गल्लीच्या पलीकडं दोघा भावांचं बिऱ्हाड होतं. माणसं सांगोल्याकडची, मूळची मेंढरं राखणारी. थोरला तरणा असताना खांद्यावर घोंगड्या टाकून सोलापूरच्या बाजारात आला, पुढं त्यानं घोंगड्यांचं लहानसं दुकान थाटलं आणि धाकट्या भावाला गावाहून बोलावून घेतलं. धाकटा दहा वर्षांनी लहान. थोरला म्हणेल ती पूर्व दिशा, अशा मताचा. दोघांची लग्नं झालेली. थोरल्याला मूल नव्हतं. धाकट्याला एक मुलगी, तेव्हा चार-पाच वर्षांची असेल. तिच्या जन्मानंतर तिची आई, म्हणजे दोघी जावांतली धाकटी, बरेच महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा थोरलीनं त्या पोरीला शेळीच्या दुधावर वाढवलं. धाकटी बरी झाली, पण पोरगी थोरलीच्या कडेवरून उतरली नाही आणि उतरावी असं कुणाला वाटलंही नाही. ती थोरलीच्या ताटात जेवायची, तिच्याच कुशीत निजायची. दुसऱ्या कुणी घास भरवला तर तोंड मिटून बसायची.

तर त्या वर्षी या घरातही नोटीस आली. दुकानाची मिळकत सोळाशेच्या आसपास होती. टॅक्स बसणार होता वर्षाला तीस-पस्तीस रुपये. थोरल्यानं माझ्याकडून नोटीस वाचून घेतली आणि घडी करून ती खिशात घालून गेला. चार दिवसांनी आला तो हसतच.

“भाऊसाब, मोहोळच्या बाजारात एक व्यापारी भेटला हुता. तेनं भावात वाटनी केली आन टॅक्स गेला. आमचं दोगांचं मिळून सोळाशे, तर एकेकाचं आटशे. हजाराच्या आत. व्हय का न्हाय?”

“हिशेब बरोबर आहे,” मी म्हणालो.

“मंग करा की आमची वाटनी. कागदावर. घरात आमी हाय तसंच ऱ्हातो.”

मी टाक खाली ठेवला. त्याला समजावलं, की एकत्र राहणारं हिंदू कुटुंब म्हणजे टॅक्सवाल्यांच्या लेखी एकच असामी. तुम्ही, तुमचा भाऊ, दोघांच्या बायका, मुलगी, सगळे मिळून एक. एकाचे दोन झाले म्हणायचं तर ते खरोखर व्हावे लागतात आणि साहेब त्याची रीतसर चौकशी करतात. खोटी वाटणी मी लिहिणार नाही. माल वाटा, दुकान वाटा, वह्या वेगळ्या ठेवा, मग वाटणीपत्र करून अर्ज देऊ.

“एवडंच ना? करू की,” थोरला म्हणाला.

“आणि चूल.”

“चूल बी कायद्यात हाय?”

“कायद्यात नाही. पण साहेब आपल्यातलेच आहेत. आपल्यात चूल वेगळी झाल्याखेरीज वाटणी झाली असं कोण मानतो?”

हे त्याला पटलं. त्याच्या गावातही तसंच मानत असणार. मग त्यानं विचारलं, “साहेब येऊन गेल्यावर मोडली तर?”

“मग पुन्हा माझ्या ओट्यावर पाय ठेवू नका,” मी म्हणालो. तो हसत उठला. माझं रागावणं त्यानं कधी मनावर घेतलं नाही.

वाटणीच्या दिवशी मी दुकानात यादी करायला बसलो. भावाभावांच्या वाटण्या मी वकिलांकडं असताना पाहिल्या होत्या, त्यात डोकी फुटायची. इथं भांडण झालं खरं, पण ते निराळंच. थोरला चांगली काळीभोर घोंगडी उचलून धाकट्याच्या ढिगात टाकी. थोरल्याची पाठ वळली की धाकटा ती उचलून थोरल्याच्या ढिगात ठेवी. यादी काही केल्या पुरी होईना. शेवटी मी दोघांनाही दुकानाबाहेर बसवलं आणि माझ्या मनानं दोन ढीग लावले. लोकर तोलायचा तराजू धाकट्याला दिला, गादी थोरल्याला. घरात एक शेळी होती. तिचं सकाळचं दूध थोरल्याकडं आणि संध्याकाळचं धाकट्याकडं, असं दोघांनी ठरवलं. मी तेही वाटणीपत्रात घातलं. शेळीचं मत कुणी विचारलं नाही.

वाटणी झाली, पण धाकट्याला दुकानदारी काही जमेना. गिऱ्हाईक त्याच्या बाजूनं शिरलं की तो म्हणायचा, “आदी दादांकडचं बगा.” थोरला म्हणायचा, “त्येच्याकडचा माल झ्याक हाय, तितं बगा.” दोघांच्या मधे उभं राहून गिऱ्हाईक कंटाळून निघून जाई. दोघांच्या वह्या मीच लिहून देत असे, पण धाकट्याच्या वहीत लिहायला विक्रीच नसे. “अहो, काहीतरी विका,” मी ओरडलो. “तुम्ही आता दुकानदार आहात. वाटणीपत्रावर तुमचा अंगठा आहे.” तो ओशाळून हसला आणि दुसऱ्या दिवसापासून मला बरं वाटावं म्हणून विकायला लागला.

घरात मात्र वेगळंच घडलं. मागच्या पडवीत धाकटीनं दुसरी चूल मांडली. साहेबाला दाखवायची चूल, कशीतरी मांडली असती तरी चाललं असतं. पण तिनं चांगली माती आणवली, ती मळली, चूल घातली, वाळल्यावर गेरू लावला आणि कडेनं पांढरी पानं-फुलं काढली. धाकटी माळशिरसकडची. तिच्या माहेरी कालव्याचं पाणी, ऊस आणि प्रत्येक कालवणात गुळाचा खडा. थोरलीच्या माहेरी पाणी नाही, गूळही नाही, मिरच्या मात्र रग्गड. लग्न झाल्यापासून धाकटी थोरलीच्या हातचं खात होती आणि डोळे पुसत होती. ते पाणी मिरचीनं येई, पण बोलायची सोय नव्हती. आता पहिल्यांदा तिला स्वतःच्या जिभेचं रांधायला मिळालं. गल्लीत गुळाच्या आमटीचा वास यायला लागला. चूल पेटवताना ती गुणगुणायची. समोरच्या घरातून भाकरी थापायचा एक आवाज यायची मला सवय होती, आता दोन यायला लागले. मला त्याची गंमत वाटायची.

थोरल्यानं आणखी एक हुकूम काढला. “साहेब येईस्तवर पोरीनं मागंच जेवायचं. तिला सवय हुंद्या. धाकल्याची पोर थोरल्याच्या ताटात जेवताना दिसली तर साहेब इच्यारंल, ही कसली वाटनी?” हिशेबानं त्याचं बरोबर होतं. पण पोरीला हिशेब कोण सांगणार? ती ताटली घेऊन पडवीत जायची, दोन घास खायची आणि तशीच उठून पडवी आणि मधली खोली यांच्यामधल्या उंबऱ्यावर येऊन बसायची. तिथून थोरली दिसायची. थोरली पाठ करून भाकरी थापत राहायची.

साहेब दौऱ्यावर होते, त्यांची तारीख लागेना. एका दुपारी उन्हानं गल्ली ओस पडली असताना थोरली माझ्या ओट्यापाशी आली. हातात शेंगदाण्याच्या कुटाची वाटी होती, ती मेजाच्या कडेला ठेवून ती खाली पायरीवर उभी राहिली. समोरच्या दारात धाकटी सुपात तूर पाखडत बसली होती.

“भाऊसाब,” थोरली म्हणाली, “त्या कागदात पोरीचं काय लिवलंय?”

“कसल्या कागदात?”

“वाटनीच्या.”

“वहिनी, वाटणीपत्रात माल लिहितात. मुलीचं कसं लिहिणार?”

“शेळीचं लिवलंय न्हवं?”

“शेळीचं लिहिलंय.”

“शेळीचं लिवलं, तराजूचं लिवलं, गादीचं लिवलं. पोरीचं न्हाय.” तिनं कडेची वाटी मेजावर आत सरकवली. “मंग ती कुनाकडं गेली?”

मला हसू आलं. हसताना मी तिच्याकडं पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. बाई रडत नव्हती. पण तिला रात्ररात्र झोप येत नसणार, हे तोंडावर दिसत होतं. मी म्हणालो, हे सगळं टॅक्सपुरतं आहे, साहेब येऊन गेले की पोरगी पुन्हा तुमच्याच ताटात जेवेल.

“माज्या बी ध्यानात येतंय की. पर मांडलेली चूल कुनी मोडत न्हाय, भाऊसाब. धाकलीला ती लई ग्वाड लागलीया. मोडू बी ने, तिचा जीव रमलाय. पर उद्या ती म्हनली, पोरगी माजी, माज्याच चुलीवरचं खाईल, तर म्या कोनत्या त्वांडानं न्हाय म्हनू? तिचीच हाय. मला इच्यारायला बी जागा न्हाय.”

लोकांची वर्षंच्या वर्षं मी कागदावर बसवली होती, पण या बाईचं म्हणणं घालायला माझ्याकडं रकाना नव्हता. मला फार वाईट वाटलं. समोरचा सुपाचा आवाज थांबला होता. मी तिकडं पाहिलं तर धाकटी सूप मांडीवर ठेवून आमच्याकडं बघत होती. मग ती उठून आत गेली. थोरली वाटी तिथंच विसरून घरी गेली.

पुढच्या आठवड्यात साहेब आले. पुण्याकडचे गृहस्थ, कडक पण माणूसघाणे नव्हेत. पोटाच्या दुखण्यामुळं ताकाशिवाय त्यांना काही पचत नसे आणि त्यामुळं जेवणाच्या वेळी ते जरा जास्तच कडक होत. ते आले नेमके जेवणाच्या वेळी, पट्टेवाल्याला बरोबर घेऊन, पायी. मलाही बोलावणं आलं.

आधी दुकान झालं. वह्या दोन होत्या, त्या त्यांनी चाळल्या. मग धाकट्याला विचारलं, “तुमचा माल कुठला?”

“ह्यो दादांचा,” धाकटा स्वतःच्या ढिगाकडं हात करून म्हणाला. “म्हंजी माजा.”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

मग घर. थोरल्यानं नवा पटका बांधला होता आणि घरातल्या प्रत्येकाला काय बोलायचं ते पाठ करून घेतलं होतं. मधल्या खोलीत थोरली पदर सारखा करून चुलीपाशी उभी होती. पडवीत धाकटीची चूल धडधडून पेटली होती. साहेबांनी वाकून ती पाहिली, कडेची पानं-फुलं पाहिली.

“ही रोज पेटते, की आज माझ्यासाठी पेटवली?”

“रोज पेटती,” थोरला म्हणाला. “सकाळ-सांज.”

ते खरंच होतं. साहेब मान हलवून परत फिरले आणि मधल्या खोलीत त्यांना पोरगी दिसली. परकी माणसं पडवीत आलेली पाहून ती ताटली घेऊन पळाली होती आणि थोरलीच्या पायाशी बसून राहिली होती. ताटली रिकामीच होती.

“ही मुलगी कुणाची?”

“धाकल्याची. ती मागंच जेवती,” थोरला घाईघाईनं म्हणाला.

“मग ताट घेऊन इथं का बसली आहे?”

हे कुणी पाठ केलेलं नव्हतं. साहेबांचा आवाज ऐकून पोरीनं थोरलीच्या लुगड्यात तोंड खुपसलं. थोरलीचा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला. मग तिनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि हात काढून घेतला. पोरीनं तो हात चाचपडून पुन्हा धरला. थोरलीनं तो हळूच सोडवला. मला ते बघवेना. पस्तीस रुपड्यांसाठी हे चाललंय आणि ते चालवणाऱ्यांत मीही एक, असं वाटून मला स्वतःचाच संताप आला. साहेबांच्या मनात काय चाललंय तेही दिसत होतं. चुली दोन आणि पोर एका चुलीवरून दुसरीकडं पळतंय, म्हणजे हे घर एकच. त्यांनी हातातली पेन्सिल खिशात घातली आणि ते माझ्याकडं वळले.

“भाऊसाहेब, मला वाटतं—”

“पोरगी जाऊबाईंची हाय.”

धाकटी पडवीच्या दारात उभी होती. हाताला पीठ होतं. एरवी परक्या पुरुषासमोर ती तोंडातून शब्द काढत नसे.

“काय म्हणालात?” साहेबांनी विचारलं.

“पोटची माजी. पर वाटनीत जाऊबाईंकडं गेली. दुकान अर्दं, माल अर्दा, शेळीचं दूद अर्दं. पोरगी एकच, ती कशी वाटायची? ती तेंच्याकडं गेली. म्हनून तितं बसलीया.”

धाकट्यानं काही बोलायला तोंड उघडलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं, त्यानं तोंड मिटलं. थोरला पटक्याचा शेमला चाचपत उभा राहिला.

साहेब म्हणाले, “हे स्वखुशीनं केलंत?”

“व्हय.”

“वाटणीपत्रात याचा उल्लेख नाही.”

“लिवनारे हितंच हुबं हायती की,” धाकटी म्हणाली. “पोरीचं लिवायचं ऱ्हाऊन गेलं तेंच्याकडनं.”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. “राहून गेलं?”

मी आयुष्यात साहेबापुढं खोटं बोललो नव्हतो. त्या क्षणी मी मनात सगळं तपासून पाहिलं. पोरीचं लिहिलं नव्हतं, हे खरं. लिहायला हवं होतं, हे त्या दुपारी थोरली सांगून गेली होती, तेही खरं.

“राहून गेलं, साहेब,” मी म्हणालो.

साहेबांनी पुन्हा पेन्सिल काढली. पट्टेवाल्यानं पिशवी पुढं केली, तिच्यावर कागद ठेवून ते उभ्या उभ्या इंग्रजीत जबाब लिहू लागले. त्यांच्या नियमाप्रमाणं जबाब वाचून, समजावून देऊन मग अंगठे घ्यायचे असतात. ते वाचायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. मी एकेक वाक्य मराठीत सांगू लागलो. दोघा भावांची वाटणी झाली आहे. माल निराळा आहे. चुली निराळ्या आहेत. धाकट्या भावाची मुलगी वाटणीनंतर थोरल्या भावाकडं, त्याच्या पत्नीजवळ राहते आणि तिथंच जेवते. हे मुलीच्या आईनं स्वखुशीनं सांगितलं आहे.

धाकटीनं पीठ पदराला पुसलं आणि अंगठा उठवला. थोरली पुढं आली नाही.

“वहिनी, अंगठा,” मी म्हणालो.

“त्ये पोरीचं पुन्यांदा वाचा की, भाऊसाब.”

मी साहेबांकडं पाहिलं. भुकेच्या वेळी दुसऱ्यांदा काही ऐकून घेणारा हा माणूस नव्हता. पण ते म्हणाले, “वाचा.” थोरल्यानं ताकाचा तांब्या त्यांच्या हातात दिला होता, तो त्यांनी तोंडाला लावला. मी ते वाक्य पुन्हा वाचलं, सावकाश. थोरलीनं अंगठा उठवला. खाली बसून तिनं पोरीला मांडीवर घेतलं आणि रिकाम्या ताटलीत भाकरी कुस्करायला लागली.

बाहेर पडताना साहेब उंबऱ्यात थांबले. “घोंगड्या माझ्यासाठी वाटल्या असतील,” ते मला हळू आवाजात म्हणाले. “पण टॅक्स वाचवायला कुणी पोर देत नाही. वाटणी मंजूर करतो.” आणि ते उन्हातून निघून गेले.

मी परत आत आलो. थोरल्याला आनंद आवरत नव्हता. “जमलं, भाऊसाब, जमलं,” म्हणून त्यानं माझे दोन्ही हात धरले. मग पडवीकडं तोंड करून म्हणाला, “झालं आता. पुरं. ती चूल मोडून टाका.”

“चूल न्हाय मोडायची,” आतून धाकटी म्हणाली.

“अगं, पोरगी दिऊन बसलीस आन चूल सोडवंना तुला?”

“पोरगी त्यांचीच हुती, भावजी. म्या काय नवं दिलं?” तिनं तव्यावरची भाकरी उलटली. “मला चूलच पायजे हुती. पोरगी कवा मागितली हुती म्या?”

थोरल्यानं मदतीसाठी बायकोकडं पाहिलं. थोरली पोरीला घास भरवत होती आणि पोरगी मुकाट खात होती. “ऱ्हाऊ द्या तिची चूल,” थोरली म्हणाली. मग तिनं पोरीचं तोंड पदरानं पुसलं आणि अर्धी खाल्लेली ताटली तिच्या हातात दिली.

“जा. आयकडनं जरा कालवन घिऊन ये.”

पोरगी जागची हलली नाही. तिनं थोरलीकडं पाहिलं. तिची आय एकच होती आणि ती तर समोर बसली होती. थोरलीनं तिला खांद्याला धरून उभं केलं, पडवीकडं तिचं तोंड वळवलं आणि म्हणाली, “ती बग, तितं. ती बी आय हाय तुजी.”

पोरगी ताटली घेऊन उंबरा ओलांडून गेली.